एकोणचाळीसला मावशी गार पडली

परवा सकाळी नागरवाड्यातून काकांचा फोन... "मावशी गार पडलीय रे, ताबडतोब ये." स्कूटर कशी काढली, मला आठवत नाही.

पोचलो तर मावशी दोन रजयांखाली कुडकुडत होती, चेहरा मात्र लालबुंद. शेजारच्या हंसाबेन तिच्या थंडगार तळपायांना सुंठेची पूड चोळत होत्या. काका हातात थर्मामीटर घेऊन उभे, "अठ्ठ्याण्णव हवं ना? एकोणचाळीस आलंय!"

थर्मामीटर नवाकोरा, लंडनच्या नातवाने आणलेला, सेल्सियसवाला. आणि आपली शिस्त अशी की उन्हाळा मोजायचा सेल्सियसमध्ये, ताप फॅरनहाइटमध्ये. बेचाळीसला आपण पन्हं पितो, एकशे दोनला डॉक्टर गाठतो... या दोघांची आयुष्यात ओळखच होत नाही.

कपाळाला हात लावला तर तवा! म्हटलं, "काका, हा ताप आहे. दुप्पट करा, त्यातला दहावा हिस्सा वजा करा, वर बत्तीस घाला. एकशे दोन!" आणि रजईला हात घातला.

काकांनी ती घट्ट धरली. "तू संस्कृत शिकवतोस. स्तोत्र म्हण हवं तर, हिशोब नको." हंसाबेनही त्यांच्याच बाजूने, "भाई, डिग्री तो डिग्री ज होय ने!"

इकडे मावशी भाजून निघतेय आणि मी वादात हरतोय... शेवटी थर्मामीटर पुसला आणि सरळ स्वतःच्या काखेत घातला. बीप. छत्तीस पॉइंट सहा.

काका पांढरेफटक. रजईतून मावशीचा क्षीण आवाज आला, "अगंबाई, म्हणजे हा माझ्याआधी जाणार!"

मग तीच थबकली. "अहो, हा घोडा ठणठणीत असून छत्तीस... मग मी एकोणचाळीस म्हणजे तापलेच की! काढा ही ओझी."

रजया उतरल्या, डॉक्टर आले, व्हायरल म्हणाले, गोळ्या सुरू झाल्या.

संध्याकाळी मावशीचाच फोन. "साडेसदतीस. म्हणजे साडेनव्याण्णव. मी केलं गणित, ह्यांना अजून जमत नाहीये."

प्रत्यक्ष हे अनुमानाहून बलवान, असं आम्ही विद्यार्थिदशेत घोकलं होतं. ते काखेत घालून सिद्ध करावं लागेल, हे कुठल्याही गुरुजींनी सांगितलं नव्हतं... असो. तिचा तो खणखणीत आवाज ऐकला आणि मगच मला दोन घास गेले.