चार बोटांचं अंतर

राणीसावरगावात आमच्या घरासमोर सुलाबाई राहते. ती माणसाशी बोलताना त्याच्या पायांकडं बघते. नव्या माणसाला वाटतं, बाई लाजाळू आहे. ती नजर लाजेची नाही, सासूनं शिकवलेली आहे.

लग्न होऊन आली तेव्हा सतरा वर्षांची होती. पहिल्याच सकाळी सासूनं, सरजाबाईनं, शेणाची बादली तिच्या हातात दिली. गडीमाणसं उठायच्या आत अंगण सारवायचं, आणि ती ओल्यावरून शेताला गेली की त्यांची पावलं बघायची. कशासाठी, ते सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "पोरी, तोंड बघू नको. तोंड खोटं बोलतंय."

निरोगी माणसाची पावलं जवळजवळ एका रेघेत पडतात. हे सुलाबाईला बघून बघून पाठ झालं. लग्नाच्या नवव्या वर्षी एका सकाळी तिच्या नवऱ्याच्या, सितारामच्या, डाव्या-उजव्या पावलात चार बोटांची फट दिसली. तिनं बोटं ठेवून मोजलं आणि सासूला हाक मारली. सरजाबाई उकिडवी बसली, तिनंही मोजलं. मग पदराला हात पुसून म्हणाली, "आजपासून त्याला विहिरीवर धाडू नको."

सिताराम तेव्हा चौतीस वर्षांचा, पाठीवर पोतं घेऊन माळवदावर चढणारा. त्याच्या चालण्यात कुणालाच काही दिसत नव्हतं. दोन वर्षांनी तो बाजारात झोकांड्या खायला लागला. गळ्यात माळ असलेला माणूस, पण लोक म्हणायचे, "सितारामभाऊ, सकाळी सकाळीच का?" आधी तोही हसायचा. मग जीभ जड झाली, मग घास नरड्यात अडकायला लागला. त्याच्या बापाचं असंच झालं होतं, आज्याचंही. गावात ह्याला डोल म्हणतात.

लोकांनी वेगळाच अर्थ लावला. सासू-सुना अंगणात काहीतरी करतात. दोघी ज्याच्या पावलावर हात ठेवतात, तो पडतो. आमच्या घरातल्या बायासुद्धा लेकरांना त्या अंगणातून नेत नव्हत्या. मीही नेलं नाही, खोटं कशाला सांगू?

सिताराम गेला त्या वर्षी सुलाबाईनं अंगणात शहाबादी फरशी घातली. पोरगा गोपाळ मोठा व्हायला लागला होता. "आता मला बघायचं न्हाई, ताई," एवढंच मला म्हणाली.

मागच्या हिवाळ्यात शहरातून डॉक्टर आले. हा आजार रक्तातून कुणाकडून कुणाकडं गेला, त्याचा नकाशा करायचा होता, आणि घराण्यातल्यांचं रक्त तपासायचं होतं. शाळेच्या व्हरांड्यात मोठा कागद पसरला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, डोल लागला असेल तर आतून काळा. मैत्रेयी नावाची डॉक्टर मुलगी विचारायची आणि सितारामचे थोरले चुलतभाऊ दिनकरराव सांगायचे. माणूस पहिल्यांदा कधी पडला ते साल ते सांगत. मागं बसलेली सुलाबाई, तिच्या देखत पडलेल्या माणसांचं, दर वेळी दोन वर्षं आधीचं साल सांगायची.

मैत्रेयीनं पेन थांबवलं. "मावशी, तुम्हाला इतक्या आधी कसं कळलं?"

"बघितलं," सुलाबाई म्हणाली.

कागदावर अकरा चौकोन काळे झाले. गोल एकही नाही.

"आणि मुली?"

"पोरी दिल्या घरी गेल्या," दिनकरराव म्हणाले. "डोल आमच्या उंबऱ्याच्या आतला हाय, मॅडम. पोरींला लागत न्हाई."

"लागतो, काका. मुलगा असो का मुलगी, निम्मी शक्यता असते. त्यांच्या घरी फोन लावता का?"

दिनकररावांनी हसतच फोन लावला. देवगाव फाट्याची बहीण तीन वर्षांपासून अंथरुणावर होती. सून म्हणाली, बाहेरची बाधा हाय. दुसरी बहीण आडात पडून वारलेली. त्याआधी तिला नीट चालता येत होतं का, हे माहेरच्यांनी कधी विचारलंच नव्हतं. भाच्याला आज विचारलं. तो म्हणाला, "मामा, भिंत धरून चालायची ना ती."

दिनकररावांनी फोन ठेवला. मैत्रेयीनं दोन गोल पेन्सिलीनं भरले.

सुलाबाई उठून घरी निघाली. तिचा चेहरा बरा दिसेना म्हणून मीही मागं गेले. तिची लेक अर्पिता, जिंतूरला दिलेली, रक्त द्यायला म्हणून तेवढ्यात येऊन पोचली होती. तिशीची, दोन लेकरांची आई. तिनं न्हाणीत पाय धुतले आणि ओल्या पायांनी फरशीवरून ओसरीवर आली. दुपारचं लख्ख ऊन होतं. सहा-सात पावलं उमटली. सुलाबाई खाली बसली आणि दोन पावलांच्या मधे तिनं बोटं ठेवली. बघता बघता पावलं कडेकडून वाळत गेली. शेवटी एक टाच उरली, तीही गेली. बोटं तिथंच होती.

"माय, काय बघायलीस?"

"काई न्हाई. च्या घे."

अर्पितानं रक्त दिलं. ती बाहेर गेल्यावर सुलाबाईनं मैत्रेयीला गाठलं. "तिचं जे निघंल ते मला सांगा. तिला नका सांगू."

"नाही मावशी. ज्याचं रक्त त्यालाच सांगतो, तेही त्यानं विचारलं तर. गोपाळ मला सांगू नका म्हणालाय, त्यालाही सांगणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी देवीपुढं हात जोडले, पण मागावं काय ते सुचेना. तिथून तशीच आमच्या गावच्या फाट्यावर गेले. सुलाबाई लेकीला गंगाखेडच्या एसटीत बसवून द्यायला आली होती. त्या घरात आजवर कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त विहीर बंद केली होती. सुलाबाईनं दोनदा तोंड उघडून मिटलं. मग म्हणाली, "अर्पे, ती स्कूटी चालवू नको आता."

अर्पिता रस्त्याकडंच बघत होती. "दीड वर्ष झालं सोडून. पोरीला कडेवर घेऊन जिनाबी उतरत न्हाई मी."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगंल? न्हाणीतून निघाले की मागं वळून बघते मी. लहानपणी तू बघायचीस तसं."

सुलाबाईनं लेकीच्या तोंडाकडं बघितलं.

"मॅडमला म्हणले, माझं काय निघंल ते मला सांगा. पण रिपोर्टाच्या कागदाला दोन महिने लागतेत. सासूबाई ह्या अमावास्येला बाधा काढायला मला भगताकडं न्यायलेत. लिंबाच्या फोकानं मारतो म्हणं तो. मी एकटी काय सांगू त्यांना?"

एसटी आली. सुलाबाईजवळ पिशवी नव्हती, पायात घरची चप्पल. तिनं लेकीला दंडाला धरून चढवलं आणि मागून आपणही चढली. खिडकीतून मला म्हणाली, "ताई, गोपाळला सांगा, मी जिंतूरला चालले. अमावास्या झाल्याबिगर यायची न्हाई. आन् तोवर त्याला भाकर घाला."