चार नंबर प्रेसची ओळ

वाल्मिक मूळचा शिरपूरचा. सिल्वासात एका छोट्या कंपनीत तो कारखान्यांसाठी कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहायचा. डोकमर्डीतल्या त्याच्या खोलीत गावचाच गोकुळ राहायचा. दीड वर्षापूर्वी राखोलीच्या प्लास्टिक कारखान्यात, चार नंबरच्या प्रेसमध्ये, म्हणजे साचा दाबायच्या मशीनमध्ये, गोकुळच्या डाव्या हाताची चार बोटं गेली. मग मालकाने उपकार केल्यासारखं त्याला ऑफिसात बसवलं. मशिनींवर लावायच्या सूचनांचे कागद टाईप करायचे. तो प्रोग्राम नेमका वाल्मिकनेच लिहिलेला.

गोकुळचे हाल बघवत नव्हते. एक ओळ उचलून दुसरीकडे ठेवायची तर कीबोर्डची दोन बटणं एकदम दाबायची, आणि दरवेळी माऊस सोडायचा. ऑफिस सांभाळणाऱ्या प्रभाकर साहेबांनी बजावलं होतं, महिनाअखेर वेग आला नाही तर घरचा रस्ता धरायचा. घरी बायको, दोन पोरी.

वाल्मिक हट्टाला पेटला. माऊसने ओळ धरायची, ओढायची, हवी तिथे सोडायची. एका हाताचं काम. सांगायला सोपं हो! निवडलेल्या ओळीवर बटण दाबलं की निवडच पुसली जायची. माणसाला नुसतं क्लिक करायचंय की ओढायचंय, हे मशीनला कळायचं कसं? दाबलेला माऊस जरा सरकला तरच ओढणं धरायचं, असं त्याने ठरवलं. तीन रविवार गेले. ओळ नव्या जागी पडली की जुन्या जागेवरची पुसायची. स्क्रीनवर दोन वेगळे कागद उघडे असले तर काय, हे मनात आलं होतं त्याच्या. बघू नंतर म्हणाला, आणि राहिलं ते राहिलंच.

पहिली ओळ ओढताना गोकुळ दीड वर्षात पहिल्यांदा मोकळा हसला. महिनाअखेर निभावली.

मग सात नंबरची नवी प्रेस आली. तिच्या कागदावर चार नंबरचीच एक ओळ हवी होती, ‘हात घालण्याआधी मेन स्विच बंद करा.’ गोकुळच्या अपघातानंतरच लिहिली गेलेली. त्याने ती ओढून सातच्या कागदात सोडली आणि दोन्ही कागद सेव्ह केले. चारवरचा कागद तेलाने मळला होता, म्हणून आठवड्याने नवा छापून लावला. त्यात ती ओळ नव्हती. नशीब, कुणाचा हात गेला नाही. पण तपासणीत सापडलं.

वाल्मिक प्रभाकर साहेबांसमोर उभा राहिला, चूक माझी आहे म्हणाला. त्यांनी चार नंबरचा तो नवा कागद पुढे सरकवला. खाली सही गोकुळची होती, म्हणून नोकरीही गोकुळचीच गेली.

दुरुस्तीला वीस मिनिटं लागली. कागद वेगळे असतील तर मूळ ओळ जागेवरच ठेवायची, बस्स. फक्त वीस मिनिटं! वाल्मिकला स्वतःची किळस आली.

शिरपूरच्या गाडीपर्यंत तो गोकुळला सोडायला गेला. उजव्या हातात बॅग धरून गोकुळने एवढंच विचारलं, “चार नंबरवर ती ओळ परत लावली ना रे, भाऊ?”

लावली, असं वाल्मिकने सांगितलं. मग गोकुळ गाडीत चढला.