पांढरकवड्यातले अंतराळवीर

आमच्या भाऊजींइतका पृथ्वीवर कमी राहिलेला माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात झाला नसेल. माझ्या थोरल्या बहिणीचे हे यजमान मारेगावच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. म्हणजे बैलगाडीतल्या कापसाची चिमूट घ्यायची, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढायची, धागा किती लांब येतो ते पाहायचं आणि माल कुठल्या दर्जाचा ते सांगायचं. ही ओढायची सवय बोटांत इतकी मुरली होती, की घरातली उशी फाटली तर ताई आधी त्यांना खोलीबाहेर काढायची आणि मग सुईदोरा घ्यायची. माझ्या लग्नात त्यांनी समईतली वात उचलून ओढली आणि "धागा आखूड हाय" असा शेरा मारला. भटजींना तो मंत्रावरचा आक्षेप वाटला आणि त्यांनी बिचाऱ्यांनी सगळा मंत्र पुन्हा पहिल्यापासून म्हटला. ती वर्षंच वाईट होती. कापसाचा भाव पडलेला, गाड्यांची रांग तीन-तीन दिवस हलत नसे, आणि ज्याच्या मालाला खालचा दर्जा मिळे, तो भाऊजींच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. भाऊजी खाली मान घालून सगळं ऐकून घेत, पण दर्जा बदलत नसत. "हातात घेतल्याबिगर मी बोलत नाई, आन हातात घेतल्यावर खोटं बोलत नाई," असं ते म्हणायचे. त्यामुळे त्यांना शिव्या देणारे पुष्कळ होते, पण लबाड म्हणणारा एकही नव्हता.

असा हा माणूस दर बुधवारी संध्याकाळी पृथ्वी सोडून जायचा. टीव्हीवर तेव्हा एक हिंदी मालिका लागायची. वाट चुकलेलं एक अंतराळयान, त्याचा कप्तान आणि घरी परतायची वाट पाहणारे त्याचे एकोणीस सोबती, अशी गोष्ट. मालिका सुरू होण्यापूर्वी भाऊजी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, टीव्हीसमोर ताठ बसत. यान हादरलं की खुर्ची घट्ट धरत. मी कळंबहून कधी गेलो तर "या मास्तर, किती प्रकाशवर्षं लागले?" असं विचारत, आणि एस. टी. करंजीला पंक्चर झाली होती असं मी सांगितलं, की गंभीरपणे मान हलवत. केंद्राच्या गोदामात, गठाणींच्या मागच्या भिंतीवर, त्यांनी कोळशानं यानाचा मार्ग काढून ठेवला होता. मी तो एकदा अर्धा तास पाहिला. मला तो मारेगाव ते वणी रस्त्यासारखाच दिसला, पण तसं बोललो नाही.

आणि दर गुरुवारी सकाळी ते रांगेतल्या गाडीवानांना कालचा भाग सांगायचे. तीन दिवस जागेवर खिळलेल्या माणसांना दुसरा उद्योग काय असणार? आदल्या दिवशी आईमाईवरून बोललेली माणसंसुद्धा बैलांना कडबा टाकून येऊन बसत आणि विचारत, "साहेब, यानातला तो डाक्टर जित्ता हाय ना?" हळूहळू ते एकोणीस जण रांगेतल्यांच्या घरचेच झाले. मग आला शेवटचा भाग. भाऊजी आंघोळ करून बसले, नाव झळकायची वेळ झाली आणि लाइन गेली. भारनियमनाचे दिवस, ती आली दोन तासांनी. दुसऱ्या दिवशी सगळी रांग जमली, तेव्हा भाऊजी म्हणाले, "लाइन गेलती. मले माहीत नाई." दुसरा कोणीही चार वाक्यं रचून मोकळा झाला असता. यांनी सहा वर्षं रचली नाहीत. मुंबईला, दिल्लीला पत्रं टाकली, उत्तर नाही. दर हंगामात एक म्हातारा गाडीवान आपला कापूस घेऊन यायचा आणि वजनाच्या आधी विचारायचा, "साहेब, पोचले का ते?" भाऊजी म्हणायचे, "तपास चालू हाय." त्यांची झोप शिव्यांनी नाही, पण या प्रश्नानं उडायची, असं ताई सांगायची.

म्हणून पांढरकवड्याच्या एका दातांच्या डॉक्टरांनी त्या मालिकेच्या चाहत्यांचा मेळावा भरवल्याचं कळलं, तेव्हा भाऊजींनी नोकरीतली बहुधा पहिली किरकोळ रजा काढली आणि मला बरोबर घेतलं. हैदराबादहून नागपूरला मोटारीनं जाणारे दोन नट, कप्तान आणि दुष्ट ग्रहाधिपती, वाटेत तासभर थांबणार होते. मेळावा मंगल कार्यालयात वरच्या मजल्यावर होता आणि खालच्या मजल्यावर एक साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. तिथून पुढं काय झालं, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. दारातच कोणीतरी आम्हाला कुंकू लावून हातावर अत्तर चोळलं आणि "पोरीकडचे का?" म्हणून विचारलं. चंदेरी कागद गुंडाळलेले दोन परग्रहवासी पंगतीत बसून बुंदी खात होते. त्यांना आग्रह करणाऱ्या बाईंना ते बँडवाले वाटले होते. जिन्यात हिरव्या तोंडाच्या एका गृहस्थाला मी वाट विचारली, तर ते म्हणाले, "मी बी तेच पाहून राह्यलो भाऊ, मले तं पोरीच्या मामानं इकडं पाठोलं." नवरदेवाचे वडील भारदस्त दिसत होते, म्हणून भाऊजींनी यानावरचे कोणी बडे साहेब समजून त्यांनाच कडक सलाम ठोकला. त्यांनीही उलट सलाम केला आणि गडबडीत आमच्या डोक्याला फेटे बांधले गेले.

फेट्यांसकट वर पोचलो, तर व्यासपीठावर एकटा ग्रहाधिपती. अंगात काळा झगा, बेंबीपर्यंत पांढरीशुभ्र दाढी. कप्तान कुठं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं आणि डॉक्टर नुसते घाम पुसत होते. चाहते एकेक करून पुढं जात, हात मिळवत, फोटो काढत. भाऊजी रांगेत माझ्या पुढं. ते ग्रहाधिपतीसमोर आले, त्यांची नजर दाढीवर गेली, आणि मला पुढचं कळलं, पण त्यांचा हात धरायला उशीर झाला. भाऊजींनी दाढीतून चिमूट उपटली, चिमटीत धरून ओढली आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "धागा लांब हाय, पन थोडी कवडी मिसळली हाय." कवडी म्हणजे किडका, पिवळट कापूस. डॉक्टर एकदम उसळले, "आमच्या घरच्या वावरातला माल हाय तो! कवडी कुठची?" ओढण्यात दाढी एका कानावरून सुटून लोंबायला लागली होती. आत गुळगुळीत हनुवटीचा, थकलेला एक मध्यमवयीन माणूस होता. भाऊजींच्या हातातला कापूस खाली पडला. "कप्तानसाहेब?"

खरा ग्रहाधिपती आलाच नव्हता. कप्तान आला होता, पण टक्कल पडल्यामुळे त्याला कोणीच ओळखेना, तेव्हा लोक नाराज होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी त्यालाच दाढी लावून बसवलं होतं. भाऊजींनी पुन्हा सलाम केला आणि सहा वर्षं जपलेला प्रश्न विचारला. "शेवटल्या दिवशी आमच्याकडची लाइन गेलती. ते लोक घरी पोचले का?"

कप्तान लोंबणारी दाढी काढून हातात घेऊन बसला. मग साध्या मराठीत म्हणाला, "तो भाग झालाच नाही हो. आदल्या आठवड्यात सेट मोडला. त्या दिवशी भलतंच काहीतरी दाखवलं."

"म्हंजे लाइन असती तरी..."

"तरी काही दिसलं नसतं. मलाही माहीत नाही काय झालं त्यांचं. आणि इतक्या वर्षांत विचारणारे तुम्ही पहिलेच."

मारेगावच्या परतीच्या एस. टी.त भाऊजी खिडकीशी बसले. फेटा तसाच डोक्यावर होता. मी पुष्कळ समजुतीचं बोललो, पण ते खिडकीबाहेर पाहत होते. मला त्यांची इतकी दया कधी आली नव्हती.

कळंबची गाडी चुकल्यामुळे मी मारेगावला ताईकडंच मुक्काम केला आणि सकाळी त्यांच्याबरोबर केंद्रावर गेलो. बातमी आधीच पोचली होती. तो म्हातारा गाडीवान पुढं आला. "साहेब, भेटला म्हने कप्तान?"

"भेटला."

"मंग? पोचले का?"

भाऊजींनी त्याच्या गाडीतला कापूस उचलला. चिमटीत धरला, पण ओढला नाही. 

"पोचले," ते म्हणाले. "सारे पोचले. तो डाक्टर बी."

म्हातारा मागं वळला आणि रांगेकडं तोंड करून ओरडला, "पोचले रे!" ते गाडीमागून गाडी पार रस्त्यापर्यंत गेलं. भाऊजी माझ्याकडं बघत नव्हते, आणि मलाही त्यांच्याकडं बघवेना. मला त्यांचा अभिमान वाटत होता. रांगेच्या शेपटाला तरणी पोरं होती, त्यांनी ती मालिका कधी पाहिलीही नसेल. कोण पोचले, कुठं पोचले, असं ती एकमेकांना विचारत होती. कोणालाच सांगता येईना. पण कोणाची तरी माणसं सुखरूप घरी आली, एवढं त्यांना कळलं, आणि तीही हसायला लागली.