मी न सांगितलेली खोली

तुम्ही न उच्चारलेलं वाक्य समोरच्या सगळ्यांनी तुमच्याच आवाजात ऐकलं, तर खोटं कोण — ते की तुम्ही?

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही नाही! अंगारे-धुपाऱ्यांविरुद्धच्या पत्रकांची सायक्लोस्टाईलची शाई बोटांना लावून मी मोठी झाले. म्हणूनच जे झालं त्याचा मला राग येतो.

नंदनवन कॉलनीत माझा मित्र दिवाकर याच्या घरी रविवारी दुपारी आम्ही एक खेळ खेळायचो. माझ्या मावसभावानं अमेरिकेहून त्या खेळाचं पुस्तक पाठवलं होतं. एकानं ग्राफ पेपरवर भुयारांचा नकाशा काढायचा, तो दाखवायचा नाही, नुसतं तोंडानं सांगायचं — "समोर दार आहे, काय करता?" बाकीच्यांनी ऐकून आपापला नकाशा काढायचा. सांगणारी मी, खेळणारे दिवाकर आणि त्याची बहीण सुनंदा.

मे महिन्यात एकदा नकाशे ताडून पाहिले, तर सुनंदाच्या कागदावर एक खोली जास्त. एक कोपरा कापलेला, मधे खांब, खांबाशी दळायचं जातं.

"हे काहून काढलं वं?"

"तूच तं सांगितलं!"

"मी? राक्षसाच्या भुयारात जातं?"

"मले वाटलं, राक्षस भाकरी खात असन," दिवाकर म्हणाला. त्यानंही ऐकलं होतं.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम नवा नकाशा काढला, पाण्यातल्या किल्ल्याचा. पुन्हा तीच खोली! दोघं मिळून माझी फिरकी घेताहेत असं समजून मी कडाकडा भांडले.

भांडण ऐकून त्यांची आई, म्हणजे काकू, बाहेर आल्या. कागद हातात घेऊन त्यांनी कापलेल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे तं कन्हानचं माईचं सैपाकघर... शेजाऱ्याच्या विहिरीपायी कोपरा सोडला होता." माई ही काकूंची कन्हान गावची बहीण, क्षयानं गेलेली. ते घर या दोघांच्या जन्माआधीच पडलं होतं. आणि क्षय आता काकूंनाही होता.

त्या दिवसापासून त्यांनी गोळ्या बंद केल्या. "माई बोलावून राहिली मले. आता औषध कायले?" डॉक्टर ओरडले, दिवाकर रडला, मी तर पत्रकच वाचून दाखवलं. "छान वाचते वं पोरी," काकू म्हणाल्या. बस्स, एवढंच!

शेवटी एका रविवारी काकूच आमच्यात येऊन बसल्या. "विचार माईले, येऊ का मी?"

आली का पंचाईत! 'नको' म्हटलं तर गोळ्या सुरू होतील... पण मेलेल्या बाईच्या नावानं बोलायचं, म्हणजे ज्या बुवांविरुद्ध पत्रकं वाटली त्यांच्याच गादीवर बसायचं. मी ठरवलं, खरं तेच सांगायचं — खोली नाही, माई नाही. तोंड उघडणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या,

"बरं वं माई. खाते गोळ्या."

आणि उठून त्यांनी गोळी घेतली. मी एक अक्षर बोलले नव्हते! पण दिवाकर-सुनंदा शपथेवर सांगतात, मी स्पष्ट म्हणाले — "इतक्यात येऊ नको. गोळ्या संपव."

काकू आता ठणठणीत आहेत. आणि लोक? पार शहराच्या दुसऱ्या टोकाच्या जरीपटक्याहून नारळ घेऊन येतात — "ताई, आमचाही नकाशा काढून द्या ना!" स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, असतं तर त्याचं पत्रक काढलं असतं.

तेव्हा वाचकहो, नारळ आणू नका. तुमच्या घरी कोणी क्षयाच्या गोळ्या अर्ध्यावर सोडल्या असतील, तर आजच पाण्याचा पेला घेऊन त्यांच्यासमोर बसा, गोळी पोटात जाईपर्यंत उठू नका. आणि जे सांगायचं ते तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगा.