टाकी धुतलेली नव्हती

आवाज झाला तेव्हा मी सातवीच्या वर्गात फळ्यावर लसावि काढत होतो. पोरं म्हणाली, "सर, ट्रकचं टायर फुटलं." हायवेकडेच्या शाळेत टायर फुटण्याचं कुणाला नवल नाही. पण माझा खडू तिथंच थांबला. दहा मिनिटांपूर्वीच मी नाथाच्या दुकानातून निघालो होतो, आणि तो आवाज कशाचा असेल हे शाळेत मला एकट्याला कळलं होतं. थोड्या वेळानं शिपाई दारात येऊन म्हणाला, "सर, नाथा मिस्त्री गेला. टाकी फुटली." ... पोरांनी वह्या मिटल्या.

दीड महिना होत आला, आणि जो तो मला एकच सांगतो, मिस्त्रीचाच हलगर्जीपणा. हॉटेलात, बसस्टँडवर, अगदी आमच्या स्टाफरूममध्येसुद्धा. ऐकलं की तळपायाची आग मस्तकात जाते. एकनाथ, म्हणजे आमचा नाथा, आणि मी चौथीपासून एका बाकावर बसलो. मी डीएड करून मास्तर झालो, तो चौसाळ्यात रस्त्याकडेला पत्रे ठोकून मिस्त्री. जुन्या गाड्यांच्या गळक्या टाक्या दुरुस्त करायला पार शिरूर कासारहून माणसं त्याच्याकडे यायची. आणि हा माणूस हलगर्जी?

माझ्याच गाडीचं सांगतो. वीस वर्षांची गाडी, टाकी खालच्या जोडाला गळायला लागली. म्हटलं, अर्ध्या तासाचं काम असेल. नाथानं टाकी उतरवली, पेट्रोल काढलं, गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून खळखळून धुतली, ओतली, पुन्हा धुतली. मग गळती वर येईल अशी टाकी पालथी करून आत पाणी भरलं, गळक्या जागेखाली जेमतेम बोटभर पोकळी ठेवली, आणि मगच गॅसची ज्योत जवळ नेऊन जोडाला डाग दिला. पुढं टाकी दोन दिवस उन्हात वाळत पडली. मी चिडलो, "दोन दिवस पायी शाळेत जाऊ का मी?" तो म्हणाला, "जा की. पोट उतरंल." मग टाकीच्या तोंडाशी माझं नाक नेऊन म्हणाला, "घे वास. पेट्रोल ओतून टाकता येतं मास्तर, वास ऱ्हातो. भडका त्या वासाचा व्हतो." घाई असेल त्याला तो कपडे धुण्याच्या साबणाची वडी गळतीवर घासून द्यायचा. तेवढ्यानं गळती दिवसभर थांबते, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

त्या दिवशी साहेबांची मोटारसायकल रॅली होती. साहेब म्हणजे आमचे पुढारी. मी शिकवतो ती संस्थाही त्यांचीच. वडिलांच्या जुन्या फटफटीवर बसून सगळ्यांच्या पुढं राहायचं, असं त्यांनी ठरवलेलं. गाडी नवी रंगवली, टाकीला हार घातला, आणि बघतात तर टाकी गळतेय. रॅलीच्या सकाळी साहेबांचा पुतण्या सात-आठ जणांना घेऊन दुकानासमोर आला. मी शाळेत जाता जाता तिथं टेकलो होतो. नाथा म्हणाला, "साबण लावून देतो. रॅली आरामात व्हईल. परवा टाकी आणा." पुतण्या भडकला, "साहेबांच्या गाडीला साबण लावतो का बे? डाग दे." नाथानं पाण्याची बादली ओढली तर म्हणे, पाणी घालायचं नाही. आत पाणी राहिलं आणि गाडी गचके खात लोकांसमोर बंद पडली तर? पुतण्या म्हणाला, "काल गळती दिसली तवाच सोड्यानं धुवून वाळवलीय. आत पेट्रोलचा थेंब न्हाई."

हे तो नाथाला आत सांगत होता. मी बाहेर बाकड्यावर होतो. टाकी आत नेण्याआधी, नाथा आत असताना, पुतण्याच्याच एका माणसानं कॉकची नळी काढून पेट्रोल कॅनमध्ये उतरवलेलं मी या डोळ्यांनी पाहिलं होतं. कॅन माझ्या पायाशी होता. काल धुवून वाळवलेल्या टाकीतून सकाळी पेट्रोल निघत नसतं, हे कळायला मिस्त्री असावं लागत नाही.

नाथानं वास घेतला. नव्या रंगाचाच दर्प इतका होता की त्याला काय कळणार... त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. पुतण्याही पाहत होता. आणि मी म्हणालो, "दे की टाकून एक डाग, नाथा. लोकं खोळंबलेत." एवढं बोलून उठलो, कारण शाळेची घंटा व्हायची होती.

मला त्या पुतण्याचा राग येतो. दुसऱ्याच्या गाडीवर बसून रॅली पुरी करणाऱ्या साहेबांचा येतो. तिसऱ्या दिवशी त्यांनी चौकात नाथाला श्रद्धांजलीचा फलक लावला, त्यात साहेब हातभर आणि नाथा तिकिटाएवढा. नाथाचाही येतो. सगळ्या गावाला दोन दिवस थांबवणारा तू, त्या दिवशी माझं कशाला ऐकलंस रे? पण सगळ्यात जास्त राग ज्याचा येतो तो रोज सकाळी आरशात माझ्यासमोर दाढी करतो. पोलिसांनी विचारलं तेव्हा त्यानं जबाबात लिहून दिलं, 'मी काही पाहिले नाही, काही ऐकले नाही.'

परवा नाथाच्या बायकोनं, सुमनवहिनीनं, निरोप पाठवला. दुकान उघडून ती आत बसली होती. पान्यांना चढलेला गंज घासलेटच्या चिंधीनं पुसत होती. नाथा दर शनिवारी पुसायचा, तिला सवय माहीत. मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, लोकं म्हणत्यात त्यांचीच चूक. मला लई लागतं ते. तुमी व्हता तिथं. खरं काय हाय?"

मी सांगितलं. कॅन सांगितला, पुतण्याचं बोलणं सांगितलं, माझंही सांगितलं. म्हणालो, उद्याच ठाण्यात जाऊन जबाब बदलून देतो. नोकरी गेली तर जाऊ दे, पेपरातही लिहितो, टाकी धुतलेली नव्हती आणि ते मला माहीत होतं.

तिनं हातातला पाना पुसून त्याच्या खिळ्याला अडकवला. मग पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं.

"पोलिसाला सांगा, पेपरात लिवा, समद्यांना सांगा," ती म्हणाली. "पर भाऊजी, त्यांना तवाच का न्हाई सांगितलं?"