रहाटाची कुईकुई आणि इंजिनाची ठकठक

१९३४ साल. मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो आणि नागावातल्या आमच्या नारळी-पोफळीच्या वाडीचं शिंपणं माझ्याकडे होतं. शाळा मी दुसरीत सोडली, पण रहाट माझ्यासारखा कोणी हाकीत नव्हता, हे मी आजही सांगेन.

थोरला दादा मुंबईला गिरणीत होता. त्या उन्हाळ्यात त्याने होडीतून एक जुनं तेलाचं इंजिन नि पंप आणून विहिरीवर बसवला. पाणी असं धो धो आलं की बाबा बघतच राहिले. त्यांनी लगेच ठरवलं, रहाट मोडायचा आणि तो ओढणारा रेडा विकायचा. वरच्या गावचा एक शेतकरी रेडा बघूनही गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायला येणार होता. तो रेडा मी पारडू असल्यापासून वाढवलेला. मी म्हटलं, रेडा जाणार नाही. बाबा म्हणाले, मग त्याला तुझ्या ताटातलं घाल. मी त्या दिवशी सकाळपासून वाडीत पाऊल टाकलं नव्हतं.

दादा इंजिन सुरू करून तेल आणायला रेवदंड्याला गेला. बाबा ओटीवर सुपारी सोलत बसले. आमच्या घराची जन्माची सवय अशी, की कान रहाटाकडे. कुईकुई चालू आहे तोवर झाडांना पाणी जातंय. थांबली, म्हणजे रेडा थांबला. मग ओटीवरूनच एक हाक मारायची. उठून बघायला कोणी जात नसे. इंजिनाची ठकठक तर साऱ्या आळीला ऐकू येत होती. बाबा सुपारी बाजूला सारून निवांत आडवे झाले. मी पडवीत तोंड फिरवून बसलो होतो.

दुपारी वहिनी पाटावर भांडी घासायला गेली आणि खरकटी भांडी तशीच घेऊन परत आली.

"भावोजी, इंजिन अगदी तुमच्या दादांवर गेलंय. आवाज साऱ्या गावाला, नि पाट कोरडा."

आम्ही धावलो. इंजिन खुशाल चाललं होतं, पंपातून थेंब नाही. पोफळीच्या कोवळ्या रोपांनी माना टाकल्या होत्या. मी रेड्याच्या डोळ्यांना झापडं बांधली, त्याला जुंपला, नि रहाटाचं पाणी डोणीत पडून पाटाला लागलं. दिवेलागणीपर्यंत झाडांची सगळी आळी भिजली.

दादा आल्यावर कळलं, पंपात हवा शिरली होती. आता वरून पाणी भरल्याशिवाय तो खालचं पाणी ओढायचा नाही. बाबांनी विचारलं, ते वरचं पाणी आणायचं कुठून? दादा रहाटाकडे बघत हळूच म्हणाला, डोणीतून.

बाबा मला म्हणाले, "रेडा राहू दे. त्या इंजिनालाही कुणीतरी पाणी पाजायला हवं."

वहिनी पदर तोंडाला लावून आत गेली. मला हसू आलं नाही, पण त्या दिवशी भात मी दोनदा मागून घेतला. इंजिनाची धार खोटी नव्हती, हे मीही पाहिलं होतं. तसं बोललो मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो शेतकरी दावं घेऊन आला. त्याला चहा पाजून मी परत लावून दिला. मग रेडा जुंपला, डोणीतून घागर भरून पंपात ओतली आणि दादाला म्हटलं, फिरव आता चाक. इंजिन ठकठक करायला लागलं. मी पाटात पाय सोडून बसलो, आणि पाणी पायाला लागेपर्यंत तिथून हललो नाही.