नेदरलँड्सहून इंदापूरला

सोळाव्या वर्षी मी नेदरलँड्सला जाऊन आले. हे कळलं की लोक आधी विमानाबद्दल विचारतात. विमानात मी बहुतेक वेळ झोपले होते.

तेव्हा मी पणदऱ्याला राहायचे. मी सात वर्षांची असताना वडील वारले आणि आईने मला बारामतीतल्या एका बालगृहात ठेवलं. सुरुवातीला ती भेटायला यायची, मग यायची थांबली. तेराव्या वर्षी पणदऱ्याच्या एका जोडप्याने दत्तक न घेता, प्रतिपालक म्हणून सांभाळायला मला घरी आणलं. त्यांना मी मावशी आणि तात्या म्हणायचे आणि शाळेत ती माझी सख्खी मावशी आहे असं सांगायचे. घरी ऊस होता, चार गाई होत्या. मला कशाची कमी नव्हती. म्हणूनच मी कधी काही मागत नव्हते. ज्यांनी आसरा दिला त्यांच्यापुढे आईचा विषय काढणं म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागणं, अशी माझी समजूत होती.

एक संस्था माझ्यासारख्या सहा मुलांना दहा दिवसांसाठी नेदरलँड्सला नेणार होती. पासपोर्टसाठी आईची संमती लागणार होती. बालकल्याण समितीने तिला शोधून पत्र पाठवलं आणि काही आठवड्यांनी कागद सही होऊन आला. खाली इंदापूरचा पत्ता होता. ती एसटीने दोन-अडीच तासांवर राहते हे मला असं कळलं. मी पत्ता पाठ केला.

तिकडे आम्हा प्रत्येकाला एकेका घरी ठेवलं होतं. मी ज्या बाईंकडे राहिले, त्यांच्याकडे माझ्याच वयाची एक मुलगी प्रतिपालनात होती. ही गोष्ट ती कुणालाही सांगायची, बेकरीतल्या माणसालासुद्धा. मला तिच्याऐवजी लाज वाटायची. शनिवारी सकाळी ती केस विंचरून तयार झाली.

"कुठे?" मी मोडक्या इंग्रजीत विचारलं.

"आईकडे. एक शनिवार सोडून एक जाते."

आम्ही तिघी गाडीने निघालो. तासाभराने एका इमारतीपाशी गाडी थांबली, मुलगी उतरून वर गेली आणि बाई गाडीतच विणत बसल्या. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. त्यांना वाईट वाटत असेल, तर ते दिसेल असं मला वाटत होतं. काही दिसलं नाही. दोन तासांनी मुलगी खाली आली. ती थोडी रडलेली होती. बाईंनी तिला सँडविच दिलं आणि आम्ही परत आलो.

संध्याकाळी तिने मला विचारलं, "तुझी आई कुठे असते?"

"माहीत नाही," मी म्हणाले. दहा दिवसांत मी सांगितलेलं हे एकच खोटं. पण ते माझ्या डोक्यातून गेलं नाही.

परत आल्यावर चौथ्या दिवशी मावशी गोठ्यात धार काढत होती, तेव्हा मी मागे उभी राहून म्हणाले, "मावशी, मला आईला भेटायचंय."

तिने धार पुरी केली. चरवी उचलली आणि घरात गेली. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी जेवताना तात्या तिला म्हणाले, "घिऊन जा की तिला. आई हाय ती तिची."

"मी कुठं न्हाय म्हणले?" मावशी म्हणाली. "पर ती तिकडंच ऱ्हायली तर?"

तात्या म्हणाले, "ऱ्हायली तर ऱ्हायली. बांधून ठेवायला ती गाय हाय का?"

रविवारी आम्ही दोघी बारामतीला आलो आणि इंदापूरची एसटी धरली. मावशीने पिशवीत भाकरी आणि गूळ घेतला होता. काटेवाडी मागे पडली. मग ती म्हणाली, "तितं गेल्यावर रडायचं न्हाय. तिला वाटंल, आमी तरास देतो."

दार आईनेच उघडलं. तिने दुसरं लग्न केलं होतं, दोन लहान मुलं होती, आणि ती डाळिंबांच्या प्रतवारीच्या कामाला जायची. मी तिच्यापेक्षा उंच झाले होते. मावशी म्हणाली, "तुमी बोला, मी भाईर बसते." आई म्हणाली, "न्हाय, तुमी आत या." तिने चहा टाकला आणि माझ्याऐवजी मावशीलाच विचारलं, "ही जेवती का नीट?"

बऱ्याच वेळाने ती माझ्याकडे वळली. "परत आलीस व्हय? मला वाटलं, कायमची परदेशाला चाललीस. कागद वाचाया कुणी नव्हतं."

"मग सही का केलीस?"

"हितं ठिवून तरी काय दिलं असतं मी तुला?"

मी रडले नाही. मावशी रडली.

मी इंदापूरला राहायला गेले नाही. दीड-दोन महिन्यांतून एकदा जाते. कधी बोलायला काहीच नसतं, मग मी मुलांचा अभ्यास घेते. काही गोष्टी मी अजून आईला विचारलेल्या नाहीत. विचारेनच असंही नाही. अठरा पूर्ण झाल्यावर समितीकडची माझी प्रतिपालनाची फाइल बंद झाली, तरी मी पणदऱ्यालाच राहिले. आता बारामतीत नर्सिंग शिकते. मैत्रिणींना सरळ सांगते की मावशी माझी नात्याने कोणी नाही. मावशीला ते आवडत नाही. "नात्यानं कोन न्हाय म्हंजे?" असं म्हणून ती अजून भांडते.